आईच्या नावाचा रकाना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्यातल्या एका रुग्णालयात मी बसले होते. समोर नऊ वर्षांचा मुलगा, उजवा गुडघा सुजून टम्म झालेला. त्याला हिमोफिलिया आहे. पहाटेच्या एस.टी.ने त्याची आई भोर तालुक्यातल्या गावाहून त्याला कडेवर घेऊन आली होती. नऊ वर्षांचा मुलगा कडेवर! फॅक्टरचं इंजेक्शन मिळालं, बर्फ लावला, मुलगा हळूहळू शांत झाला. मी नेहमीचा कागद भरत होते. मुलाचं नाव, वय, वजन, शेवटचा रक्तस्राव कधी. आईच्या नावापुढे सवयीने लिहिलं, 'वाहक'. तेवढ्यात ती बाकावरून खाली कोसळली.

तिचं हिमोग्लोबिन साडेपाच निघालं. दर महिन्याला दहा-दहा दिवस अंगावरून जातं, रात्री दोनदा उठून कपडे बदलावे लागतात, दोन्ही बाळंतपणांनंतर महिनाभर रक्त थांबलं नव्हतं, हे सगळं तिने सलाईन लावलेल्या हाताकडे बघत सांगितलं. एका दवाखान्यात 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळाला होता. पैसे जमले की ती काढणार होती.

मैत्रिणींनो, सहा वर्षं ही बाई माझ्यासमोर येऊन बसत होती. तिच्या मुलाबद्दल मी तिला शेकडो प्रश्न विचारले असतील. तिच्या पाळीबद्दल एकही नाही. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, बायकांच्या शिबिरात 'आपलं शरीर आपण ओळखू या' म्हणून तासभर बोलणारी! या लेखाची सुरुवात म्हणूनच कोणावर बोट ठेवून करत नाही. माझ्याच कागदापासून करते.

थोडं आजाराविषयी

आपल्याला जखम झाली की रक्त वाहतं आणि काही वेळाने थांबतं. ते थांबवणारे घटक रक्तात असतात, त्यांना फॅक्टर म्हणतात. हिमोफिलिया 'ए'मध्ये आठवा फॅक्टर कमी असतो किंवा नसतोच, 'बी'मध्ये नववा. जन्मणाऱ्या साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला 'ए' प्रकारचा आजार असतो, 'बी' त्याहून विरळा. बाहेरच्या जखमेपेक्षा आतला रक्तस्राव जास्त छळतो. गुडघा, घोटा, कोपर यांत रक्त साठतं, सांधा सुजतो, पुन्हा पुन्हा असं झालं की तो कायमचा आखडतो. डोक्यात रक्तस्राव झाला तर जीवच जाऊ शकतो. उपाय एकच: नसलेला फॅक्टर शिरेतून देणं, आणि तोही शक्य तितक्या लवकर. त्याहूनही चांगलं म्हणजे रक्तस्राव होण्याआधीच नियमित देणं. अलीकडे कातडीखाली टोचायचं, आठवड्याने किंवा त्याहूनही जास्त अंतराने घ्यायचं औषधही आलं आहे. त्याने शीर शोधण्याची यातना वाचते, पण किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे.

हा फॅक्टर रुग्णांपर्यंत पोहोचला त्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डला काम करणाऱ्या ज्युडिथ पूल यांनी १९६० च्या दशकात पाहिलं, की गोठवलेला प्लाझ्मा सावकाश वितळू दिला की तळाशी जो साका उरतो त्यात आठवा फॅक्टर भरपूर असतो. तोवर तो साका बाजूला राहत होता. त्यातून 'क्रायो' तयार झालं, आणि ते साध्या रक्तपेढीतही करता येऊ लागलं. आपल्याकडे कितीतरी मुलं त्या क्रायोवर जगली आहेत.

संघटनेने काय केलं

आपल्या देशात हिमोफिलियाच्या रुग्णांची संख्या एक लाखाच्या वर असावी असा अंदाज केला जातो. नोंद झालेले त्याच्या निम्मेही नाहीत. बाकीचे कुठे आहेत? काही लहानपणीच गेले, काही 'लंगडा' या नावाने गावात बसून आहेत, काहींना आजाराचं नावच माहीत नाही.

ज्यांची नोंद झाली, ती बरीचशी रुग्णांच्या संघटनेमुळे. १९६३ मध्ये फ्रँक श्नाबेल या कॅनडातल्या रुग्णाने जागतिक हिमोफिलिया फेडरेशन सुरू केलं. त्याच्या जन्मदिवशी, १७ एप्रिलला, जागतिक हिमोफिलिया दिन पाळतात. आपल्याकडे अशोक वर्मा या स्वतः हिमोफिलिया असलेल्या माणसाने पुढाकार घेऊन १९८३ मध्ये हिमोफिलिया फेडरेशन (इंडिया) स्थापन केलं. आज तिच्या शाखा देशभर आहेत, आपल्या पुण्यातही आहे. कमी दरात फॅक्टर मिळवून देणं, शिबिरं घेणं, व्यायाम शिकवणं, शाळेत जाऊन 'याला मारू नका, पण वर्गाबाहेरही बसवू नका' असं सांगणं, सरकारकडे मोफत फॅक्टरसाठी सतत धरणं धरणं, अशी तिची कामं. आज राज्यातल्या काही सरकारी रुग्णालयांत फॅक्टर मोफत मिळतो. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या तिन्ही रक्तविकारांचा समावेश झाला. नोकरीतल्या आरक्षणाच्या यादीत मात्र ते अजून नाहीत. मिळालं तेही आपोआप मिळालेलं नाही. दयेची भाषा सोडून हक्काची भाषा बोलायला शिकलेल्या माणसांनी ते मिळवलं.

पण या कामाला हात कोणाचे लागतात? मुलाची शीर शोधायला शिकते ती आई. फॅक्टरची बाटली शेजारच्या फ्रीजमध्ये ठेवण्यासाठी विनवणी करते ती आई. रात्री दोनला बर्फ फोडते, मजुरी बुडवून रुग्णालयाच्या रांगेत उभी राहते, शाळेत बाईंना समजावते, तीही आईच. संघटनेच्या सभेला निम्म्याहून जास्त खुर्च्या बायकांच्या असतात. आणि तरीही आजाराच्या सगळ्या कागदांवर तिची ओळख एकाच शब्दात उरते: वाहक. जणू ती बाई नाही, नळ आहे. वरून आलेलं खाली सोडणारी.

दोष कोणाचा?

हिमोफिलियाचा दोष 'एक्स' या गुणसूत्रावर असतो. बाईला दोन 'एक्स' असतात, पुरुषाला एक. म्हणून आजार तीव्र रूपात दिसतो तो बहुधा मुलग्यांत, आणि आईकडून मुलाकडे जातो. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. शास्त्र इतकंच सांगतं. पण गावातल्या ओसरीवर त्याचा अर्थ काय होतो? "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं, हिच्या माहेरनं आणलं." त्या भोरच्या बाईने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "ताई, माझं रगतच वाईट हाय म्हणत्यात." तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं नाही, एवढ्यासाठी ती त्याचे उपकार मानते.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक कार्यकर्तीला ठाऊक असायला हव्यात. एक, साधारण तिसरा हिस्सा रुग्णांच्या घरात हा आजार आधी कधीच नसतो. गुणसूत्रात नव्याने बदल होऊन तो येतो. दोन, तीव्र हिमोफिलिया 'ए'मध्ये सर्वात जास्त आढळणारा जो बदल आहे, तो बहुतेक वेळा पुरुषाच्या बीजात घडतो. म्हणजे मुलाच्या आईच्या वडिलांपासून त्याची सुरुवात झालेली असू शकते! इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने युरोपातल्या राजघराण्यांना हा आजार 'दिला' असं सर्रास लिहितात. तिला तो वडिलांच्या बीजातून आला असावा, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. बदनामी मात्र राणीची. राणी सुटली नाही, तिथे भोरची शेतमजूर बाई काय सुटणार!

तीन, आणि ही गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. थॅलेसेमिया किंवा सिस्टिक फायब्रोसिस घ्या. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये मुलाच्या छातीत चिकट कफ साठतो, घाम खारट होतो, अन्न पचत नाही. आई सकाळ-संध्याकाळ पाठीवर थापट्या मारून कफ मोकळा करत बसते. या दोन्ही आजारांत दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकट्या आईकडून मूल आजारी होऊच शकत नाही. तरी त्या घरांत जाऊन बघा. टोमणे कोणाला? उपास कोणाला? 'माहेरी सोडून येतो' ही धमकी कोणाला? तेव्हा हा प्रश्न गुणसूत्रांचा नाहीच. मुलगी झाली तरी बाईचा दोष, मूल झालं नाही तरी बाईचा दोष, मूल आजारी झालं तरी बाईचाच. शास्त्राने नवा शब्द दिला, समाजाने त्यात जुनाच दोष भरला.

तिचंही रक्त वाहतं

आता 'वाहक' या शब्दाकडे पुन्हा येते. वाहक बाईला काही त्रास होत नाही, असं डॉक्टरांनाही दीर्घकाळ शिकवलं गेलं. ते खरं नाही. दोन 'एक्स'पैकी कोणता किती काम करतो यावर तिच्या फॅक्टरचं प्रमाण ठरतं. बऱ्याच जणींमध्ये ते इतकं कमी असतं की पाळीत अति रक्तस्राव होतो, दात काढल्यावर रक्त थांबत नाही. आठवा फॅक्टर गरोदरपणात वाढतो आणि बाळंतपणानंतर उतरतो, त्यामुळे सगळं ठीक झालं म्हणून घरी पाठवलेल्या बाईला नंतर धोका संभवतो. २०२१ मध्ये या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी नवी नावं सुचवली: फॅक्टरचं प्रमाण ४० टक्क्यांहून कमी असलेल्या बाईला 'वाहक' नव्हे, 'हिमोफिलिया असलेली स्त्री' म्हणायचं. हा नुसत्या शब्दांचा खेळ नाही. रुग्ण म्हटलं की तपासणी होते, औषध मिळतं, कार्ड निघतं. वाहक म्हटलं की फक्त बोट दाखवलं जातं.

हिमोफिलियाची सख्खी बहीण म्हणावा असा आणखी एक आजार आहे, व्हॉन विलेब्रँड. तो मुलग्या-मुलींना सारखाच होतो, पण पाळी आणि बाळंतपण यांमुळे बायकांना जास्त छळतो. १९२६ मध्ये एरिक व्हॉन विलेब्रँड या फिनलंडच्या डॉक्टरांनी त्याची पहिली नोंद केली ती एका मुलीमुळे. ती मुलगी पुढे तेरा वर्षांची असताना, चौथ्या पाळीत रक्तस्राव होऊन गेली. जवळजवळ शंभर वर्षं झाली. आपल्या किती मुलींना 'वयात आल्यावर असं होतंच' असं सांगून आपण घरी पाठवलं असेल?

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. त्यामागे मुकादमाची उचल होती, बुडणारी मजुरी होती, खाजगी दवाखान्यांचा धंदा होता. हे आपण मांडलं आणि योग्यच मांडलं. पण अंगावरून जास्त जातं म्हणून पिशवी काढायला निघालेल्या बाईचं रक्त नीट गोठतं का, ते पाहायचा आग्रह आपणही धरला नाही. रक्तस्रावाचा आजार असलेल्या बाईवर तो न ओळखता शस्त्रक्रिया करणं तिच्या जिवावर बेतू शकतं. भोरच्या त्या बाईचा आठवा फॅक्टर २८ टक्के निघाला. डॉक्टरांनी पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. पिशवी काढायची गरजच पडली नाही.

आपल्यासाठी अवघड प्रश्न

एका प्रश्नापाशी मात्र आपल्या चळवळीला थांबून विचार करावा लागेल. गर्भजलचिकित्सा आपल्या देशात आली ती आनुवंशिक आजार ओळखण्यासाठी, आणि तिचा वापर झाला मुली मारण्यासाठी. त्याविरुद्ध मुंबई-पुण्यातल्या बायका रस्त्यावर उतरल्या, म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला आणि १९९४ मध्ये केंद्राचा. त्या लढ्याचा मला अभिमान आहे. पण त्याच केंद्रीय कायद्याने लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी गर्भाच्या तपासणीला परवानगी ठेवली आहे. मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत हिमोफिलियासाठी अशी तपासणी होते. एका मुलाची आई दुसऱ्या वेळी गरोदर राहिली आणि तिने हा रस्ता विचारला, तर आपण तिच्याकडे संशयाने बघणार का? की 'आजारी मूल नकोच' म्हणणाऱ्या सासरच्यांच्या बाजूला उभ्या राहणार?

माझं मत असं. तपासणी करायची की नाही, पुढे काय करायचं, हे ठरवण्याचा हक्क तिचा. तिला समजेल अशा भाषेत सगळं सांगून तिची लेखी संमती घेतली पाहिजे आणि त्याची प्रत तिच्या हातात दिली पाहिजे, असं कायद्याचं पाचवं कलम सांगतं. ती प्रत तिला खरंच मिळाली का, हे आपण विचारायला हवं. पण तेवढ्याने भागत नाही. तालुक्याच्या गावी फॅक्टर मिळत नाही, पुण्याला यायला एस.टी.चे पैसे नाहीत, शाळा दारात उभं करत नाही, म्हणून जो गर्भ नको होतो, तो निर्णय मोकळ्या मनाचा कसा म्हणायचा? हिमोफिलिया असलेली मुलं, वेळेवर औषध मिळालं तर, शिकतात, नोकऱ्या करतात, लग्नं करतात. म्हणून औषधासाठीचा संघटनेचा लढा हा बाईच्या निवडीच्या हक्काचाही लढा आहे, असं मी मानते. आपण आजवर तो आपला मानला नाही.

त्या बाईला अकरा वर्षांची मुलगीही आहे. तिचं रक्त तपासू या म्हटल्यावर आई घाबरली. "लगीन कसं व्हायचं तिचं?" मी काय सांगणार! भीती खोटी नव्हती. शेवटी एका बैठकीत तिला दोन तपासण्यांतला फरक समजावला. फॅक्टरचं प्रमाण पाहणं ही एक. ती मुलीच्या जिवासाठी, पाळी येण्याआधीच करायला हवी. गुणसूत्रातला दोष शोधणं ही दुसरी. तिची घाई नाही, मुलगी मोठी होऊन स्वतः ठरवील तेव्हा. पहिली करून घ्यायला आई तयार झाली. प्रमाण कमी निघालं. तो कागद आईने मुलाच्या फायलीत ठेवला नाही. मुलीच्या नावाची वेगळी पिशवी शिवली आणि तिच्या हाती दिली.

आपल्याला काय करता येईल? आरोग्य शिबिरात हिमोग्लोबिन तपासतो, तेव्हा चार प्रश्न जादा विचारू या. पाळी आठ दिवसांहून जास्त चालते का? तासा-दोन तासांनी कपडा बदलावा लागतो का? दात काढल्यावर, बाळंतपणानंतर रक्त थांबायला फार वेळ लागला का? घरात कोणाला असा त्रास आहे का? 'हो' आलं तर रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवू या; आणि नेहमीच्या तपासण्या ठीक आल्या तरी फॅक्टरचं प्रमाण पाहायचा आग्रह धरू या. पिशवी काढायला निघालेल्या प्रत्येकीला विचारू या, रक्त तपासलं का? रुग्णांच्या संघटनांशी बोलू या. हिमोफिलिया फेडरेशनमध्ये बायकांचा गट आहे, त्याला आपली साथ हवी आहे आणि आपल्यालाही त्याची. सरकारकडे फॅक्टरची मागणी होते तेव्हा आया-बहिणींसाठीचा साठाही त्यात धरला जावा, हे दोघांनी मिळून मागू या. आणि समुपदेशनाला नवऱ्याला बोलावल्याशिवाय, सासू-सासऱ्यांना बोलावल्याशिवाय फाईल बंद करायची नाही, असं माझ्यासारख्या समाजकार्यकर्त्यांनी ठरवू या.

मी माझा कागद बदलला आहे. आईच्या नावापुढे आता 'वाहक' लिहीत नाही. तिथे वय, फॅक्टरचं प्रमाण, हिमोग्लोबिन, पाळी, बाळंतपणं असे पाच रकाने आखलेत. पहिल्यांदा ते भरायला बसले तेव्हा समोर बसलेल्या आईने विचारलं, "हे माझं लिहिताय व्हय?" तिच्या मुलाच्या आजाराला बारा वर्षं झाली होती.

तुमच्या गटातल्या, वस्तीतल्या, नात्यातल्या अशा बायकांचे अनुभव असतील तर जरूर लिहून कळवा.